सोन्यातले खडे

यंदा पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं. आष्टीतल्या आमच्या गल्लीत लोकांनी मातीचे बैल पुजले. यांना धुवावं लागत नाही आणि चाराही लागत नाही, असं म्हणून आपापसांत हसलेही. माझं दुकान बसस्टँडच्या मागे आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. त्या दुपारी भिंगाखाली एक जुना प्रोसेसर उलटा ठेवून बसले होते आणि रस्त्यावरून या वर्षीचा पहिला टँकर गेला. त्याचा भोंगा ऐकताच हातातला चिमटा खाली गेला आणि मी उठून उभी राहिले. आता घरी नळ आहे, आठ दिवसांनी का होईना येतो. टँकरमागे घागर घेऊन पळायचे माझे दिवस संपले. पण पायांना ते कुणी सांगितलेलं नाही. दाराकडे जाण्याआधी मी तो प्रोसेसर उचलून डबीत घातला, डबी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. शेजारचा झेरॉक्सवाला बघत होता. "ताई, भंगारातला चिप हाय त्यो, कोण नेतंय?" म्हणाला. कुणी नेत नाही, हे मलाही कळतं. माझी भीती चोराची नाहीच. माणसं चांगुलपणानं वस्तू साफ करतात, त्याची आहे.

टँकरमागे पळायचा तो मागचा मोठा दुष्काळ मी शिरूर कासारजवळच्या एका वाडीत काढला. नवी नवरी होते, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि त्या वाडीत कॉम्प्युटर एकच होता: दूध संस्थेचा. दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, लेकरं, कोंबड्यांची खुराडी, सगळं संसारासकट चढलं. उरलेली जनावरं चारा छावणीत गेली आणि माझा नवरा त्यांच्यामागे छावणीवर कामाला गेला. मागे राहिल्या म्हाताऱ्या, कुत्री आणि कुलपं. दुपारी तीनच्या सुमाराला गल्लीतून चालले की माझ्याच बांगड्यांचा आवाज पुढच्या घरावर आपटून परत यायचा. एकदा कुलूपबंद घरातून कुणीतरी खाकरल्याचं मी स्पष्ट ऐकलं. थांबले. पुन्हा काही नाही. पत्रा उन्हानं तापला की वाजतो, असं स्वतःला समजावलं, पण त्यानंतर त्या घरावरून जाताना मी पदर कानावरून घट्ट घ्यायची. कोरड्या विहिरीतून पारवे उडाले की आत कुणी तरी हातपाय झाडतंय असं वाटे. मी तशी भित्री नाही. पण रिकामं गाव रात्रीपेक्षा भर दुपारी जास्त भिववतं.

दूध संस्था म्हणजे एक खोली, दूध मोजायचा काटा, कॉम्प्युटर आणि छपरावर एक कर्णा. माझ्या आधी तिथं रेखा बसायची, वाडीतलीच मुलगी, बारावी झालेली. संस्थेत यंत्र आलं तेव्हा सगळ्या सभासदांचे आकडे आणि नावं तिच्याच आवाजात भरली होती. "एक, गणपत आबा. दोन, सीताराम दादा." त्याच क्रमानं यंत्र छपरावरच्या कर्ण्यातून हाक मारायचं. ज्याचं नाव आलं त्यानं किटली काट्यावर ठेवायची, रेखानं बटण दाबायचं, मग पुढचं नाव. कुणी आलंच नाही, तर बटण दाबेपर्यंत दर अर्ध्या मिनिटानं तेच नाव पुन्हा. चांगल्या दिवसांत दुसऱ्यांदा हाक मारायची पाळी येत नसे. लोक दारात रांग लावून उभे असायचे आणि रेखाची थट्टा चालायची, की पोरगी वडीलधाऱ्यांना रोज दोन वेळा नावानं बोलावते.

आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला टोळीत फारसं कुणी विचारत नाही. म्हणून टोळ्या निघायच्या तोंडावर घाईघाईनं लग्नं लागतात, तसं रेखाचंही लागलं. हळद निघायच्या आधी ती ट्रकमध्ये चढली आणि तिची खुर्ची मला मिळाली. संक्रांतीच्या आसपास चेअरमनच्या मोबाइलवर फोन आला. उसाच्या फडावर कावीळ झाली, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, तिकडंच अग्नी दिला. आईला कळवा, एवढंच.

तिची आई कौसामावशी. एकटीच राहायची, संस्थेची खोली झाडायची आणि स्वतःही सभासद होती, आकडा एकोणचाळीस. तिची गाय छावणीत आटून गेली होती. फोन आला त्या संध्याकाळी मी यंत्र सुरू करणार नव्हते. मला धीरच होत नव्हता. मावशी आली, रोजच्या जागी दाराच्या चौकटीला टेकली आणि म्हणाली, "चालू कर पोरी. येळ झाली." मी चालू केलं. छपरावरून रेखा बोलायला लागली. छावणीतून दूध आणून घालणारे सातआठच उरले होते, बाकीची नावं मी बटण दाबून पुढं ढकलायची, पण त्या दिवशी बोट चटकन चालेना. त्यामुळे बाहेरगावी गेलेल्या, कुलपं लावलेल्या माणसांना ती दोनदोनदा, तीनतीनदा हाका मारत राहिली. वाडीतली कुत्री एकेक करून रस्त्यावर आली आणि कर्ण्याकडे तोंड करून बसली. भुंकलं एकही नाही.

मावशी रोज हाका ऐकायला येऊ लागली. रडायची नाही. एकोणचाळीस नंबर येऊन गेला की किटली उचलून घरी जायची. किटली रिकामीच असायची, पण ती आणायची. तिनं मुलीचं मढं पाहिलं नव्हतं, राख पाहिली नव्हती. वाडीत तिच्यासाठी मुलीचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या पत्र्याखाली होतं, आणि मी ते रोज संध्याकाळी बटण दाबून सुरू करत होते. तेव्हा मी जेमतेम बावीस वर्षांची होते. मला ते काम नकोसं झालं होतं आणि सोडवतही नव्हतं.

फाल्गुनात धूळ फार झाली. डोळ्यांत, भाकरीत, यंत्रात, सगळीकडे धूळ. नावं पुकारता पुकारता यंत्र मध्येच बंद पडायला लागलं. "बावीस, सखारा..." आणि पुढं चूप. पुन्हा सुरू करायचं, पुन्हा दहाबारा नावांवर तेच. दोन दिवस एकोणचाळीसपर्यंत पोचलंच नाही. तिसऱ्या दिवशी मावशीनं मला विचारलं, "पोरी, तिचा दम कावून तुटतुया गं?"

मी सांगितलं की यंत्र तापतंय, तिच्या दमाचा काही संबंध नाही. ती मान हलवत होती, पण माझं ऐकत नव्हती.

त्यात चेअरमन येऊन सांगून गेले की दूध नाही, दूध संघाची गाडी बंद झाली, तेव्हा सेंटरही बंद. "सोमवारी टेम्पो येतुया, काटा आन् कॉम्प्युटर दोनी नेणार. हितं ठिवून काय कुत्र्यांची हजेरी घ्यायची हाय का?" शुक्रवार होता. माझ्या हातात तीन दिवस होते, आणि मावशीला एकदा तरी ते नाव ऐकवायचं होतं. बाकी कशाची मला पर्वा नव्हती.

मी यंत्र उघडलं. पंखा काढला, त्याखालचा प्रोसेसर काढला. उष्णता पंख्याकडे ओढून नेणारा लेप वाळून, राखाडी होऊन त्याला चिकटला होता. तो पुसून नवा लावायचा, हे मला अजीजभाईंनी शिकवलं होतं. अजीजभाई शिरूरच्या बाजारात रेडिओ, मोटारी, मोबाइल, जे येईल ते दुरुस्त करायचे. प्रोसेसर मी स्टीलच्या ताटलीत ठेवला आणि तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. त्या दिवसांत भोंगा वाजला की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी बाई मागे बघत नसे. मी दोन घागरी माझ्या आणि एक मावशीची घेऊन पळाले. तिचे गुडघे गेलेले, तिचं पाणी मीच भरायची. ती संस्थेच्या ओट्यावर रेशनचे गहू निवडत बसली होती.

तासाभरानं परत आले तर मावशी प्रसन्न होती. मी तिचं पाणी भरते, त्याची परतफेड करायला तिला काही तरी सापडलं होतं. तिनं ताटली पुढं केली. "लई घान झालतं. घासलं बग."

पाणी कुठलं आणणार, तेव्हा राखेनं. भांड्यासारखं, नारळाच्या शेंडीनं, दोन्ही बाजूंनी. पत्र्याची बाजू आरशासारखी चमकत होती. मी तो उलटा केला. प्रोसेसरच्या पोटाशी सोनेरी ठिपक्यांच्या रांगा असतात आणि बरोबर मध्ये मोकळ्या चौकोनात अर्ध्या तिळाएवढे दाणे बसवलेले असतात. त्या दाण्यांच्या ओळीत पाच जागा रिकाम्या होत्या.

"सोन्यात खडे बसलेते," मावशी म्हणाली. "दाभनानं काडले. बाकीचे निगना झालते, लई घट हायेत."

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्या माणसावर मी ओरडले नव्हते. "मावशी, तुमी तिचा आवाज काडून टाकला," असं म्हणाले. हे वाक्य खोटं होतं आणि क्रूर होतं, आणि ते माझ्या तोंडून गेलं. ताटली मी उघडी ठेवून गेले होते, चूक माझी होती. तिचा चेहरा जसा झाला तो मला अजून आठवतो. ती सुपाकडे बघायला लागली. खडे तिनं गव्हाच्या खड्यांतच टाकले होते.

शनिवारी जीपला लटकून शिरूरला गेले. अजीजभाईंनी प्रोसेसर दिव्याखाली धरला आणि दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. मग म्हणाले, "ताई, हे दाने म्हंजी कपॅसिटर. घोटभर करंट साठवून ठिवतेत. मधल्याला एकदम तहान लागली की देतेत. दाराशी रांजन आसतो ना, तसं."

"मग ओळखायचे कसे? सुपात अख्ख्या गव्हाचे खडे आहेत."

"बोर्डावर आसता तर सोपं व्हतं. काळी पाठ आन् वर आकडा लिवलेला, त्यो रेझिस्टर. तपकिरी आंग, दोनी टोकं चांदीची, त्यो कपॅसिटर. पन ह्यांच्यावर नाव न्हाई, गाव न्हाई. आन् मिटर लावून खडा तपासला तर त्यो बी गप आन् हा बी गप."

दुसरा प्रोसेसर बसवा म्हटलं तर त्या जागेत बसणारा त्यांच्याकडे नव्हता. आतली डिस्क मी बरोबर नेली होती, ती त्यांच्या यंत्राला जोडून पाहिली. दुधाच्या नोंदींचा प्रोग्रॅम त्या परक्या यंत्रावर उघडेना आणि नावं त्याच्या पोटात अडकलेली. आज मी ती काढली असती. तेव्हा मला येत नव्हतं, अजीजभाईंनाही नाही. त्यांनी मला फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक दिलं. टोकांना चांदीखाली निकेल असतं, म्हणाले, चिकटतील.

मी धावतपळत परत आले आणि सुपातल्या खड्यांवरून चुंबक फिरवलं. त्याला काळी दाढीच उगवली. आमची माती काळ्या दगडाची, त्यात लोखंडाची रेव. फाल्गुनभर ती वाऱ्यानं सुपात, घरात, आमच्या केसांत भरत होती, आणि आता सगळी चुंबकाला लोंबत होती. हजारो काळे कण, आणि त्यातले पाच माझे. मी तिथंच बसून रडायला लागले.

"सर बाजूला," मावशी म्हणाली. कालपासून ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती.

तिनं पांढऱ्या पंच्यावर ती रेव झाडली, पसरली आणि दाभणाच्या टोकानं एकेक कण बाजूला सारायला सुरुवात केली. मी भिंग दिलं, ते तिनं नको म्हटलं. साठीच्या पुढची बाई, दिवस मावळतीकडे चाललेला, आणि तिचं दाभण गव्हातून चालतं तसं चाललं होतं, न थांबता. मध्येच एक कण बोटाच्या टोकावर घ्यायची आणि जिभेला लावायची. "माती आसली तर चिटकती," म्हणाली. बराच वेळ तेवढंच चाललं, कण, बोट, जीभ. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मला वाटायला लागलं की दारात कुणी तरी उभं राहून आमच्याकडे बघतंय. मी दोनदा वळून पाहिलं. मावशीनं मान वर न करता सांगितलं, "बगू नगं. बघितलं की जातंय."

मी पुन्हा वळले नाही. काय जातंय, हेही विचारलं नाही.

पहिला दाणा तिनं रविवारी सकाळी माझ्या तळहातावर ठेवला. भिंगाखाली धरला: तपकिरी अंग, दोन्ही टोकं चांदीची. श्वासानं उडू नये म्हणून मी तोंडाला पदर लावला. "ह्याला दोन तोंडं हायेत," ती म्हणाली. "दगडाला तोंड नसतंय." दुपारपर्यंत चार मिळाले. पाचवा नाही. पंचा झटकला, सूप झटकलं, ओटा झाडला, नाहीच. मावशी अगदी शांतपणे म्हणाली, "जिबंला लावताना पोटात गेला आसंल." तिनं पोटावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

कुठला दाणा कुठल्या जागेचा, हेही तिनंच सांगितलं. दोन मापं होती, पण त्या मापातही ती फरक करत होती. ह्याचा टवका उडालाय, हा कडेच्या ओळीतला. हा काळपट, त्याच्या शेजारचा. मी कागदावर चौकोन काढला, तिनं दाभणानं एकेक दाणा त्याच्या घरात ठेवला. मी तिला विचारलं, एवढं कसं ध्यानात राहिलं? तिला प्रश्नच कळला नाही. हातानं काढलेलं ध्यानात राहतंच, असं तिचं म्हणणं.

दुपारीच मी पुन्हा शिरूर गाठलं आणि अजीजभाईंनी चारही दाणे कथिलाचा डाख देऊन बसवले. श्वास रोखून काम करत होते, कारण श्वासानं दाणा उडतो. मग सोनेरी ठिपक्यांत अडकलेली राख स्पिरिटनं, जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढली. पाचव्या जागेकडे बघून म्हणाले, "एक रांजन कमी. चालंल का न्हाई, अल्ला जाने."

आज मला माहीत आहे की एखाददुसरा दाणा नसला तरी पुष्कळदा प्रोसेसर चालतो. कदाचित चारही नसते तरी चालला असता, आणि अडलं होतं ते फक्त राखेनं. तसं असेल तर मावशीची ती दोन दिवसांची शोधाशोध फुकट होती. मी हे दुकानात बसून पुष्कळदा मनात तपासलं आहे, आणि मला ते मान्य करावंसं वाटत नाही. माझं शिक्षण एक सांगतं आणि माझे हात दुसरंच. अजूनही कुठलाही प्रोसेसर समोर आला की मी आधी तो उलटा करून मधले दाणे मोजते. भिंगातून ती ओळ बघत असताना दुकानात दुसरं कुणी असलेलं मला चालत नाही. झेरॉक्सवाल्याला वाटतं, बाई कामात शिष्ट आहे. वाटू दे.

रविवारी संध्याकाळी पाचच्या जीपनं मी परत आले. मावशी ओट्यावर बसलेली होती, धुतलेलं लुगडं नेसून. पाण्याची एवढी टंचाई असताना तिनं लुगडं धुतलं होतं. मी लेप लावला, प्रोसेसर बसवला, पंखा बसवला. घाईत स्क्रू दोनदा पडला. बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. पडद्यावर उजेड आला. मग कर्ण्यात खरखर झाली आणि रेखा बोलली.

"एक, गणपत आबा."

मी बटणावर बोट ठेवलं. दूध कुणाचंच येणार नव्हतं, संघाची गाडी बंदच होती. तेवढ्यात दारातून मावशी म्हणाली, "हाय." रांगेतली माणसं द्यायची तशी ओ दिली तिनं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मला मानेनं खुणावलं, दाब. मी दाबलं.

"दोन, सीताराम दादा."

"हाय."

सीताराम दादा सांगलीकडे फडावर होते. तीन नंबरचे शंकरराव त्याच हिवाळ्यात वारले होते. त्यांच्याही नावाला ती "हाय" म्हणाली, त्याच आवाजात, जराही न थांबता. मी बटण दाबत गेले. वाडीत जी माणसं नव्हती, जी परत येणार होती आणि जी येणार नव्हती, त्या सगळ्यांच्या वतीनं ती दारात उभी राहून लेकीला ओ देत होती. मला भीती वाटत होती, आणि ते थांबू नये असंही वाटत होतं. बावीस नंबर पूर्ण आला. तिशी आली. यंत्र तापलं नाही, दम तुटला नाही. अडतीसला ती "हाय" म्हणाली.

"एकोणचाळीस, कौसाबाई."

रेखानं आईचंही नाव बाकीच्यांसारखंच घेतलं होतं, सावकाश आणि मानानं.

मावशी काही बोलली नाही. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली, तोंड वर छपराकडे. अर्धं मिनिट गेलं.

"एकोणचाळीस, कौसाबाई."

"मावशी," मी हळूच म्हटलं, "दाबू का?"

"नगं," ती म्हणाली. "मी हाय म्हनलं की ती फुडल्याला हाक मारंल."

मी बटणावरचं बोट काढून घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. टेम्पो सकाळी येणार होता. छपरावरून पुन्हा तेच नाव आलं, मग पुन्हा, आणि आम्ही दोघी ऐकत राहिलो. लाइट जायला अजून दीड तास होता.